धूर जाळणारी आग

कापसाची उलंगवाडी झाली की फुलसावंगीच्या शिवारात उभी राहते ती नुसती पऱ्हाटी. बोंडं वेचून झालेली, पानं गळालेली, कुठे कमरेएवढी तर कुठे छातीएवढी. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातल्या या गावाला आणि आजूबाजूच्या साऱ्या कापूसपट्ट्याला तिचं काय करायचं हा प्रश्न दरवर्षी पडतो. थोडी चुलीसाठी घरी येते, थोडी कुंपणाला लागते, कुणी ट्रॅक्टरच्या यंत्राने तिचा भुगा करून रानातच मिसळतो. उरलेली चिमट्याने उपटून धुऱ्यावर ढीग घालायची आणि काडी लावायची.

हा आळस नव्हे. गुलाबी बोंडअळी न फुटलेल्या बोंडांत दडून पुढच्या हंगामाची वाट बघते. म्हणूनच फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावर पीक पुढे उभं ठेवू नका, पऱ्हाटी वेळेत काढा आणि नष्ट करा, असं कृषी शास्त्रज्ञ सांगत असतात. नष्ट करायचा सगळ्यांत स्वस्त मार्ग म्हणजे आग.

पण काडी लावण्याआधी त्या ढिगाकडे जरा थांबून बघावं, असं मला फार वाटतं. कारण तो ढीग हवेचा आहे. झाड मातीतून वाढतं असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात मातीतून आलेला भाग म्हणजे जाळल्यावर उरणारी मूठभर राख. वाळलेल्या एक किलो पऱ्हाटीत साधारण ४५० ग्रॅम कार्बन असतो आणि तो सगळा हवेतून आलेला असतो. हवेत कार्बन डायऑक्साइड असतो तरी किती? दहा हजार रेणूंमागे जेमतेम चार. त्या चारांना पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून आत घेऊन, उन्हाच्या जोरावर फोडून, त्यातला कार्बन झाड खोडात बांधतं. हिशेब मांडला तर एक किलो पऱ्हाटीतला कार्बन गोळा करायला दोन हजार घनमीटरांहून जास्त हवा पूर्ण गाळावी लागेल. म्हणजे दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच अशा पंचाहत्तरएक खोल्या भरतील एवढी हवा. जून ते डिसेंबर फुलसावंगीच्या रानात हे काम आवाज न करता चाललेलं असतं. जगभरातल्या प्रयोगशाळा ज्यासाठी कोट्यवधी रुपये खर्च करताहेत ते ‘कार्बन पकडणं’ हेच. आपल्याकडे अडचण पकडण्याची नाहीच. पकडलेलं आपण अर्ध्या तासात परत सोडून देतो, ही अडचण आहे.

आणि सोडताना नुसता कार्बन डायऑक्साइड सोडत नाही. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात, कारण बातम्यांमध्ये त्यांची नेहमी सरमिसळ होते. कार्बन डायऑक्साइड आपल्या प्रत्येक उच्छ्वासात चार टक्क्यांच्या आसपास असतो. उघड्या हवेत तो जेवढा असतो तेवढ्याने कुणाला खोकला येत नाही. तो पृथ्वी तापवतो, पण छाती भरून आणत नाही. छाती भरते ती धुराने, आणि धूर म्हणजे अर्धवट जळलेलं लाकूड.

लाकूड जळतं म्हणजे काय होतं, ते नीट पाहिलं तर चकित व्हायला होतं. लाकूड स्वतः आधी पेटतच नाही. उष्णतेने आधी त्यातलं पाणी जातं, मग अडीच-तीनशे अंशांच्या पुढे लाकडाचे लांबलचक रेणू तुटू लागतात आणि त्यातून वायू व तेलकट वाफा बाहेर पडतात. आपण जिला ज्वाळा म्हणतो ती या वायूंची असते. ढिगाच्या ज्या भागात ज्वाळा पोचत नाही तिथल्या वाफा न जळताच वर निसटतात, थंड होतात आणि त्यांचे डांबरी थेंब बनतात. त्यात काजळीचे कण असतात, कार्बन मोनॉक्साइड असतो. यातले बरेच कण अडीच मायक्रॉनहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही लहान. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. यांनाच पीएम २.५ म्हणतात. भारताच्या २००९ च्या मानकानुसार एका घनमीटर हवेत ते वर्षाच्या सरासरीने ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा ५ वर आणली. हिवाळ्याच्या संध्याकाळी जमीन लवकर निवते, तिच्यालगत गार हवेचा थर बसतो आणि धूर वर चढू शकत नाही. तो गावाच्या छपरांच्या उंचीवर पसरून राहतो आणि सकाळी शाळेला निघालेली पोरं त्यातूनच चालत जातात.

श्वासातून काय आत जाऊ शकतं, हे या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन पाहिलं आहे. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामुळे इथे कुठलंही नवं तंत्रज्ञान आलं, मग ते पृथ्वी वाचवण्यासाठी का असेना, तरी रानात उभ्या असलेल्या माणसाच्या नाकापाशी ते काय करतं हे आधी विचारलं पाहिजे.

आता खरी गंमत. पऱ्हाटी जाळायची, पण धूर होऊ द्यायचा नाही आणि कार्बनही राखून ठेवायचा, हे जमतं. त्यासाठी आगीचा आकार बदलावा लागतो, एवढंच.

स्वित्झर्लंडमधल्या इथाका संस्थेच्या हान्स-पेटर श्मिट यांनी २०१४ च्या सुमारास ‘कॉन-टिकी’ नावाची भट्टी पुढे आणली. वर रुंद, खाली निमुळती, पत्र्याची एक मोठी कढई. पत्रा नसेल तर जमिनीत त्याच आकाराचा खड्डा खणूनही भागतं. तळाशी थोडी काटकी रचून वरून पेटवायची. ती लाल होऊन तिच्या कडांवर राखेची पांढरी कड दिसू लागली की वाळलेल्या पऱ्हाटीचा पातळ थर अंथरायचा. तो थर तापतो, त्यातून वायू निघतात, पण वर जायला त्यांना ज्वाळांच्या पडद्यातूनच जावं लागतं आणि तिथे ते जळून जातात. पडदा वरून येणारा ऑक्सिजन स्वतःच खाऊन टाकतो, त्यामुळे खालच्या थराला तो मिळत नाही. खालचं लाकूड तापलेलं असतं, वायू गमावून बसलेलं असतं, पण जळू शकत नाही. त्याचा कोळसा होतो. पुन्हा पांढरी कड, पुन्हा एक थर. असं करत दोन-तीन तासांत भट्टी भरते.

भट्टी सांभाळणाऱ्याची सगळी नजर त्या पांढऱ्या कडेवर असते. थर लवकर टाकला तर ज्वाळा दबते आणि भसकन धूर येतो. उशीर केला तर खाली तयार झालेला कोळसा जळून राख होऊ लागतो. मीटर लागत नाही, यंत्र लागत नाही, हवा फक्त डोळा. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बाईला हे कौशल्य शिकवायला फार वेळ लागू नये, असं मला मनापासून वाटतं. शेवटी पाणी ओतून किंवा माती टाकून आग मारायची. नीट झालेला कोळसा हातात घेऊन एकमेकांवर टाकला तर खणखणीत वाजतो. यालाच बायोचार म्हणतात. तो कुटताना मात्र ओलाच कुटायचा. कोरडा कुटला तर जी काळी धूळ उडते ती धुराइतकीच वाईट.

हिशेब असा. एक टन वाळलेल्या पऱ्हाटीत साडेचारशे किलो कार्बन. त्यातला साधारण दीडशे ते एकशे नव्वद किलो कोळशात राहतो, बाकीचा ज्वाळांमधून कार्बन डायऑक्साइड होऊन परत हवेत जातो. म्हणजे निम्म्याहून जास्त गमावलाच. तरीही राहिलेला थोडाथोडका नाही. एक किलो कार्बन म्हणजे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड, तेव्हा टनामागे साडेपाचशे ते सातशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेबाहेर राहिला. पऱ्हाटी रानात कुजली असती तर काही वर्षांत बहुतेक सगळा परत गेला असता. नीट तापवलेला कोळसा मातीत शतकानुशतकं टिकतो, कारण त्याच्या कड्यांसारख्या घट्ट रेणूंवर जिवाणूंचा दात चालत नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यात तिथल्या मूळ रहिवाशांनी मातीत मिसळलेला कोळसा दोन-दोन हजार वर्षांनंतरही सापडतो, आणि ती काळी माती आजही भोवतालच्या जमिनीपेक्षा सुपीक आहे.

मला सगळ्यांत जास्त भावते ती यातली जुळवाजुळव. धूर हा न जळलेला वायू, आणि त्यात मिथेनही असतो. वीस वर्षांच्या मापात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त तापवतो. म्हणजे भट्टी धुरकटली की पोरांच्या छातीचं नुकसान आणि हवामानाचंही, दोन्ही एकदम. पऱ्हाटी ओली असली, आदल्या रात्री दंव पडून भिजली असली, थर जाड पडला, तर कागदावर ‘कार्बन पकडला’ असं लिहिलं जाईल पण हवेचा हिशेब उलटा निघेल. पऱ्हाटीच्या बाबतीत तरी या दोन्ही गोष्टी एकाच खुणेवरून कळतात. धूर दिसतोय का, एवढंच बघायचं.

हे आता मोठ्या प्रमाणावर येऊ घातलं आहे. जानेवारी २०२६ मध्ये ‘वराह’ या भारतीय कंपनीने मायक्रोसॉफ्टशी करार जाहीर केला. तीन वर्षांत एक लाख टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेतून काढून दाखवायचा, आणि त्यासाठी कच्चा माल महाराष्ट्रातल्या कपाशीची पऱ्हाटी. उघड्यावर जाळल्या जाणाऱ्या ढिगांऐवजी ती गॅसिफायर भट्ट्यांत जाणार, आणि अशा अठरा भट्ट्यांची योजना आहे. बंद भट्टीत वायू गोळा करून तापमान आवरता येतं, त्यामुळे उघड्या खड्ड्यापेक्षा धूर कमी व्हायला हवा.

पण एक गोष्ट आत्ताच बोलून ठेवायला हवी. पऱ्हाटी हलकी आणि फोफशी. मुंबईच्या माटुंग्यातली केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजे सिरकॉट, कित्येक वर्षं पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, कांडी कोळसा, पेलेट बनवत आली आहे. तिथेही खरा खर्च असतो तो रानातून माल गोळा करून आणण्याचा. भट्टी जिथे बसेल तिथे ट्रॅक्टर-ट्रक येणार, तुकडे करणारं यंत्र धूळ उडवणार, डिझेल जळणार, वाळलेल्या पऱ्हाटीच्या डोंगराला आग लागण्याचा धोका राहणार. धूर कमी झाल्याचा फायदा पन्नास गावांत विखुरलेला असेल आणि धूळ एकाच गावाच्या वाट्याला येईल. त्या एका गावाच्या ग्रामसभेने हवा मोजणारं यंत्र भट्टी सुरू होण्याच्या आधीपासून मागून घ्यावं. नंतर तुलना कशाशी करणार?

जिल्ह्याच्या पूर्व टोकाला चित्र वेगळं आहे. तिथे वणीच्या कोळसा खाणी आहेत, चुनखडी आहे, आणि झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबनला २०२२ पासून वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना चालू आहे. सिमेंट बनवताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा बराचसा भाग इंधनातून येतच नाही. चुनखडी तापली की तिच्यातच बांधलेला वायू सुटतो. कारखाना सौरऊर्जेवर चालवला तरी तो निघणारच. म्हणून सिमेंटला धुराड्यातून वायू पकडण्यावाचून फारसा पर्याय नाही. नॉर्वेतल्या ब्रेविकला जून २०२५ मध्ये जगातली पहिली मोठी अशी यंत्रणा सिमेंट कारखान्यावर सुरू झाली, वर्षाला चार लाख टन पकडणारी. आपल्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानेही मे २०२५ मध्ये सिमेंटसाठी पाच चाचणी प्रकल्प जाहीर केले. पवईच्या आयआयटीत २०२२ पासून कार्बन पकडून वापरण्याचं राष्ट्रीय केंद्र आहे. २०२६ च्या अर्थसंकल्पात या कामाला पाच वर्षांसाठी २० हजार कोटी रुपये सुचवले गेले. म्हणजे हे दूरचं राहिलेलं नाही.

धुराड्यात वायू पकडायची रीत बहुतेक ठिकाणी एकच. धूर थंड करून एका उंच मनोऱ्यातून वर सोडायचा आणि वरून अमाइन नावाच्या रसायनाचं पाणी शिंपडायचं. चाळीस-पन्नास अंशांना अमाइन कार्बन डायऑक्साइडला धरून ठेवतं, एकशे वीस अंशांना सोडून देतं. मग तेच अमाइन पुन्हा वर. असं हे चक्र चालूच राहतं. कल्पना १९३० च्या पेटंटपासूनची आहे.

भोवतालच्या हवेसाठी यात एक चांगली बातमी दडलेली आहे, आणि ती रसायनाच्या नाजूकपणातून येते. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड अमाइनला कायमचा चिकटून त्याला निकामी करतो. त्यामुळे कार्बन पकडायचा तर आधी गंधक धुऊन काढावाच लागतो, धूळही गाळावी लागते. कॅनडातल्या बाउंडरी डॅम वीज केंद्रात २०१४ पासून कार्बनच्या जोडीने गंधकही पकडून त्याचं सल्फ्युरिक आम्ल बनवतात. जे काम कायद्याने होत नाही ते इथे यंत्रणेच्या गरजेने होतं. आपल्याकडे औष्णिक केंद्रांनी गंधक काढावा हा नियम डिसेंबर २०१५ चा. मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतांश संचांना त्यातून सूटच मिळाली. धुराड्याच्या वाऱ्याखाली राहणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर ही सूट मला अन्यायाची वाटते. आणि जे केंद्र आज गंधक काढणार नाही त्याला उद्या कार्बन पकडता येणार नाही, हेही आहेच.

दुसरी बाजूही तितकीच खरी. अमाइन पुन्हा पुन्हा तापवायला भरपूर उष्णता लागते. कोळशाच्या केंद्रात तेवढीच वीज हवी असेल तर वीस-तीस टक्के कोळसा जास्त जाळावा लागतो. नायट्रोजनचे ऑक्साइड अमाइनच्या तावडीत फारसे सापडत नाहीत, ते कोळशाबरोबर वाढू शकतात. खाणीतली धूळ वाढते, ट्रकांच्या फेऱ्या वाढतात. वणीकडच्या रस्त्यांवर ज्यांनी कोळशाची धूळ खाल्ली आहे त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. शिवाय मनोऱ्यातून थोडं अमाइन वाफ होऊन निसटतं, त्याच्या विघटनातून अमोनिया निघतो. युरोपीय पर्यावरण संस्थेने २०११ च्या अहवालात या अमोनियाकडेच बोट दाखवलं होतं. निसटलेलं अमाइन हवेतल्या नायट्रोजन ऑक्साइडांशी संयोग पावून नायट्रोसामाइन आणि नायट्रामाइन बनवतं. यातले काही कर्करोगकारक आहेत. नॉर्वेत मोंगस्तादचं चाचणी केंद्र २०१२ मध्ये सुरू झालं, तेव्हा तिथल्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने या दोन्हींची एकत्र मर्यादा घालून दिली होती, एका घनमीटर हवेत ०.३ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. एवढ्या सूक्ष्म गोष्टीची आधीच काळजी घेणारा देश बघितला की आनंद होतो, आणि मुकुटबन-वणीच्या माणसांसाठीही कुणीतरी हाच आकडा पुढे ठेवावा असं तीव्रतेने वाटतं. उपाय आहेत. मनोऱ्याच्या टोकाला पाण्याने आणखी एकदा धुलाई केली तर निसटणारं अमाइन पुष्कळ कमी होतं. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांच्या चमूने प्राध्यापक अर्णब दत्ता आणि विक्रम विशाल यांच्या मार्गदर्शनाखाली पाण्यावर चालणारी, वायूचं क्षारात रूपांतर करणारी पद्धत मांडली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत तिला एक्सप्राइझ स्पर्धेचं अडीच लाख डॉलरचं बक्षीस मिळालं.

पकडलेला वायू मग ठेवायचा कुठे? याचं सर्वांत थक्क करणारं उत्तर आइसलंडमध्ये मिळालं. रेक्याविकजवळच्या हेलिशेइदी भू-औष्णिक केंद्रातून वाफेबरोबर हायड्रोजन सल्फाइड येत असे, सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू. कार्बफिक्स प्रकल्पाने आधी कार्बन डायऑक्साइड आणि पुढे हा वायूही पाण्यात विरघळवून खाली काळ्या बेसाल्टमध्ये सोडायला सुरुवात केली. २०१२ मध्ये सोडलेल्या वायूतला ९५ टक्क्यांहून जास्त कार्बन दोन वर्षांच्या आत दगड होऊन बसला होता, हे २०१६ मध्ये सिद्ध झालं. सल्फाइडचंही खनिज झालं. पृथ्वीसाठी केलेल्या कामाने शेजाऱ्यांच्या हवेतला वासही घटला.

आणि बेसाल्ट म्हणजे आपलाच काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरावर थर ओतत राहिला आणि आज पाच लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. फुलसावंगीची काळी माती त्याच्याच झिजेतून आली आहे, आणि ती झीज होताना पावसाच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बांधला जात असतो. मात्र आइसलंडची रीत जशीच्या तशी इथे आणता येणार नाही. एक टन वायू विरघळवायला तिथे पंचवीसेक टन पाणी लागतं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या जिल्ह्यात एवढं पाणी कोण देणार? शिवाय आपला दगड म्हातारा आहे, त्यातल्या कितीतरी पोकळ्या आधीच भरलेल्या आहेत.

कशाने भरलेल्या, ते मात्र बघण्यासारखं आहे. या भागात विहीर खणताना निघालेल्या काळ्या दगडाच्या ढिगात पांढरे खडे जडवलेले दिसतात. लाव्हा निवताना वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पाझरत्या पाण्याने कोट्यवधी वर्षं खनिजं भरली. त्यांतले काही झिओलाइट, काही गारेचे, आणि काही कॅल्साइटचे. ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे सौम्य आम्लाचा एक थेंब. झिओलाइट आणि गार तशीच राहतात. कॅल्साइटवर थेंब पडला की तिथे बारीक फेस येतो, आणि त्या फेसातला वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड, माणूस नावाचा प्राणी जन्माला येण्याच्या कितीतरी आधी हवेतून आणि पाण्यातून पकडून या दगडाने सांभाळून ठेवलेला.